थोरलीचे फोटो, धाकटीचे नाव

ऑलिंपिक आणि टायटॅनिक या दोन प्रवासी जहाजांची बांधणी १९०८ ते १९१२ या काळात बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ कंपनीत झाली. त्या बांधणीचे फोटो रॉबर्ट जॉन वेल्च या फोटोग्राफरने काचेच्या प्लेटांवर काढले. पुस्तकांची मुखपृष्ठे, माहितीपट, संग्रहालयांच्या भिंती अशा ठिकाणी ते इतक्या वेळा येऊन गेले आहेत की जहाजबांधणीशी काडीचा संबंध नसलेल्या माणसालाही ते पाहिल्यासारखे वाटतात. लोखंडी कमानींच्या जंगलात उभे असलेले अवाढव्य धूड, त्याच्या पायथ्याशी मुंगीएवढी माणसे, दोन पुरुष उंचीची पाती असलेले पंखे. त्यांतले बरेचसे फोटो टायटॅनिकचे म्हणून छापले जातात. प्रत्यक्षात त्यांतले बहुतेक ऑलिंपिकचे आहेत.

हारलँड अँड वुल्फ ही कंपनी १८६१ साली एडवर्ड हारलँड आणि गुस्ताव वुल्फ यांनी सुरू केली. तिचे यार्ड क्वीन्स आयलंडवर होते. हे बेट निसर्गाने दिलेले नव्हते. बंदरात मोठी जहाजे यावीत म्हणून नदीचे पात्र खोदून सरळ केले, तेव्हा निघालेल्या गाळाच्या भरावातून ते तयार झाले. व्हाइट स्टार लाइन ही जहाज कंपनी तिचे कायमचे गिऱ्हाईक. दोघांमधला व्यवहारही वेगळा होता. आधी किंमत ठरवून घासाघीस करायची, असा प्रकार नव्हता. जहाजाला जो खर्च येईल तो आणि त्यावर ठरलेला नफा, एवढे व्हाइट स्टारने द्यायचे. त्यामुळे बेलफास्टमध्ये हात आखडता घेऊन काम होत नसे.  

यार्डात प्रत्येक जहाजाला आधी क्रमांक मिळे, नाव नंतर. ऑलिंपिकचा क्रमांक ४००, टायटॅनिकचा ४०१. फोटो काढून घेण्यामागे कंपनीचा हेतू रोखठोक होता. काम कुठवर आले याची नोंद हवी होती, मालकांना दाखवायला काही हवे होते आणि अभियांत्रिकीच्या नियतकालिकांना चित्रे पुरवायची होती. ‘द शिपबिल्डर’ या नियतकालिकाने १९११ च्या उन्हाळ्यात या दोन जहाजांवर खास अंक काढला. तो आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतो. पुढे या जहाजांपैकी एकाचे नाव जगभर होणार आहे, ते कशामुळे होणार आहे, हे प्लेट उघडणाऱ्याला ठाऊक नव्हते. हे फोटो पाहताना नेमकी हीच गोष्ट विसरली जाते.

वेल्चचा जन्म १८५९ साली आयर्लंडच्या उत्तरेकडील स्ट्रबेन गावात झाला. वडीलही फोटोग्राफर. १८८३ साली त्याने बेलफास्टमध्ये स्वतःचा व्यवसाय थाटला आणि यार्डाच्या कामाखेरीज दोरखंडाच्या कारखान्याचीही कामे घेतली. पण त्याचा खरा ओढा दुसरीकडे होता. आयर्लंडभर हिंडून तो शंखशिंपले आणि गोगलगाई गोळा करी. या विषयातला त्याचा अधिकार इतका मोठा की ब्रिटन आणि आयर्लंडच्या शंखशास्त्र संस्थेचे अध्यक्षपदही त्याच्याकडे आले. खडक, झाडे, मासेमारी, लिननच्या गिरण्या, खेड्यांतली घरे, सगळे त्याने टिपून ठेवले. नमुना नीट दिसावा, त्याचे आकारमान कळावे, कडा स्पष्ट याव्यात आणि खाली काय आहे ते लिहिलेले असावे, ही निसर्ग अभ्यासकाची शिस्त त्याच्या यार्डातल्या कामातही दिसते. त्याच्या चित्रांत भावनेचे प्रदर्शन फारसे नाही. जहाजाकडे त्याने शिंपल्याकडे पाहावे तसेच पाहिले असावे, आणि चित्रे टिकली ती बहुधा म्हणूनच.

काम मात्र जिकिरीचे होते. मोठा लाकडी कॅमेरा, तिपाई, जड काचेच्या प्लेटा आणि डोक्यावर घ्यायचे काळे कापड एवढा संसार घेऊन चिखल, फळ्या आणि लोखंडाच्या ढिगांतून वाट काढायची. पडद्यावर प्रतिमा उलटी दिसे, तीवरून चौकट ठरवायची. भिंगाचे तोंड बारीक केल्याखेरीज जवळचे आणि लांबचे दोन्ही सुस्पष्ट येत नसे. तोंड बारीक केले की प्रकाश कमी पडे आणि प्लेट जास्त वेळ उघडी ठेवावी लागे. म्हणून या फोटोंत लोखंड धारदार येते आणि चालता माणूस धुरकट होतो. काही ठिकाणी नुसते दोन बूट दिसतात, वरचा माणूस जवळपास पुसून गेलेला. जी माणसे स्पष्ट दिसतात ती थांबली म्हणून दिसतात, किंवा त्यांना थांबवले म्हणून. शिवाय त्या काळच्या प्लेटांना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. पाण्याखाली जाणाऱ्या भागाला दिलेला तांबडा रंग चित्रात काळसर येतो, तो यामुळे.

रंगाची ही अडचण कंपनीलाही माहीत होती. २० ऑक्टोबर १९१० रोजी ऑलिंपिकचे जलावतरण झाले तेव्हा तिचा सांगाडा मुद्दाम फिकट करडा रंगवला होता. काळ्या रंगावर पत्र्यांचे जोड आणि खिडक्यांच्या ओळी बुडून जातात. फिकट रंगावर सगळे उठून दिसते. नंतर कायमचा काळा रंग चढवला गेला. टायटॅनिकसाठी हा खर्च कोणी केला नाही, ती काळ्या रंगातच पाण्यात गेली. जहाजाला फोटोसाठी सजवणे आणि दुसऱ्याला तसेच सोडणे, यावरून त्या वेळी कोणाचा तोरा किती होता ते कळते. ऑलिंपिक पहिली. जगातले सर्वांत मोठे जहाज म्हणून तिचा गवगवा झाला. टायटॅनिक ही तिच्यामागून आलेली, जवळपास त्याच मापाची, त्याच आराखड्यावरची धाकटी बहीण. तिच्यावर प्लेटा कमी खर्ची पडल्या, यात नवल नाही.

बांधणीच्या क्रमाने फोटो लावले तर सुरुवात जहाजाने होत नाही, गॅन्ट्रीने होते. एवढी मोठी जहाजे बांधायला यार्डात जागाच नव्हती. जहाज ज्यावर बांधून पाण्यात सोडतात असे तीन जुने उतार मोडून त्यांच्या जागी दोन नवे केले आणि त्यांच्यावर सर विल्यम एरल यांच्या कंपनीने पोलादी कमानींचा मांडव घातला. स्कॉटलंडमधला फोर्थ पूल बांधणारी कंपनी तीच. गॅन्ट्री ८४० फूट लांब, २७० फूट रुंद आणि २२८ फूट उंच होती. तिच्यावरून क्रेन फिरत, लिफ्ट वरखाली होत आणि जहाजाच्या कुठल्याही भागावर लोखंड अलगद उतरवता येई. जहाज पाण्यात गेल्यावरचे रिकाम्या गॅन्ट्रीचे फोटो पाहिले की जहाज बांधण्याआधी जहाजाएवढेच दुसरे काम उरकावे लागते, हे ध्यानात येते.

ऑलिंपिकचा कणा १६ डिसेंबर १९०८ ला ठेवला गेला आणि टायटॅनिकचा ३१ मार्च १९०९ ला. कण्यावर दुहेरी तळ चढला. दोन तळांमधली पोकळी पाच फुटांहून अधिक, म्हणजे ठेंगणा माणूस आत उभा राहील एवढी. मग फासळ्या. या टप्प्यावरचे फोटो सर्वांत देखणे आहेत. दोन्ही बाजूंनी वाकून वर गेलेल्या शेकडो फासळ्या, मधल्या मोकळ्या जागेत आडवे तुळ्यांचे जाळे आणि सगळ्याच्या आरपार दिसणारे ढगाळ आकाश. जहाज काय असते हे समजायला पूर्ण झालेल्या जहाजापेक्षा हे चित्र जास्त उपयोगी. त्यानंतर पत्रे चढू लागतात आणि आतले सगळे झाकले जाते.

पत्रे जोडायला वेल्डिंग नव्हते, रिव्हेट होते. एकेका जहाजाला सुमारे तीस लाख. मधल्या, सरळ भागात पाण्याच्या दाबावर चालणारी यंत्रे रिव्हेट दाबून बसवत. नाळेकडे आणि मागच्या टोकाला, जिथे पत्र्याला बाक आहे तिथे, यंत्र पोचत नसे आणि काम हाताने होई. हाताच्या कामाची टोळी ठरलेली असे. एक पोरगा भट्टीत रिव्हेट लाल करी. दुसरा तो तापलेला रिव्हेट झेलून भोकापाशी नेई. एक माणूस आतून डोके दाबून धरी आणि बाहेरचे दोघे, एक उजवा आणि एक डावखुरा, आळीपाळीने हातोडे मारून दुसरे टोक चेपत. टोळीला पैसे मिळत ते नगावर, त्यामुळे भट्टीवरच्या पोरापासून सगळ्यांचा वेग एकमेकांत अडकलेला. ही टोळी फोटोंत शोधली तर क्वचितच हाती लागते. हातोडा हलता असतो आणि प्लेटेला हलते काही चालत नाही. तीस लाख रिव्हेटांचे काम असे चित्राबाहेरच राहिले. चित्रात उरली ती पत्र्यावरची ठिपक्यांची रांग.

३१ मे १९११ हा दिवस कंपनीने मोठ्या हिशेबाने निवडला होता. त्या दिवशी ऑलिंपिक मालकांच्या ताब्यात दिली गेली, टायटॅनिकचे जलावतरण झाले आणि कंपनीचे अध्यक्ष लॉर्ड पिरी यांचा वाढदिवसही तोच. उतारावर वीसएक टन चरबी आणि साबण थापला होता. व्हाइट स्टारच्या रिवाजाप्रमाणे शँपेनची बाटली फोडली नाही, नाव ठेवण्याचा सोहळा झाला नाही. दुपारी बाराच्या सुमारास खटके सुटले आणि ६२ सेकंदांत जहाज पाण्यात गेले. बासष्ट सेकंद हा फोटोग्राफरला फार तोकडा अवधी आहे. एक प्लेट काढून दुसरी लावेपर्यंत खेळ आटोपतो. त्या दिवसाच्या एका फोटोत पिरी आणि व्हाइट स्टारचे ब्रूस इस्मे सांगाड्याखालून चालताना दिसतात. दोघेही कपड्यालत्त्यात नीटनेटके, मागे लोखंडाची काळी भिंत. त्याच दिवशी जहाजाचे लाकडी आधार काढताना एक कारागीर चिरडला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. त्याचा प्रसंग कुठल्या प्लेटेवर नाही.

जलावतरणानंतर जहाज म्हणजे पोकळ पेटी असते. यंत्रे, बॉयलर, धुराडी, डेकवरच्या खोल्या, जिने, नळ, विजेच्या तारा हे सारे धक्क्याला लावल्यावर आत जाते. प्रत्येकीला २९ बॉयलर, मोठ्यांचा व्यास पंधरा फुटांहून जास्त. ते उचलून आत सोडायला २०० टनांची तरंगती क्रेन होती आणि ती आणली होती जर्मनीतून. समुद्रावरच्या वर्चस्वासाठी ब्रिटनची जर्मनीशी चुरस ऐन भरात असताना हा सौदा बिनबोभाट झाला. धंदा आणि देशाभिमान यांची गाठ दर वेळी पडतेच असे नाही.

सर्वांत प्रसिद्ध फोटो सुक्या गोदीतला आहे. बेलफास्टची थॉम्पसन गोदी खास या जहाजांसाठी बांधली आणि १ एप्रिल १९११ ला ऑलिंपिक तिच्यात पहिल्यांदा शिरली. पाणी उपसल्यावर जहाज लाकडी ठोकळ्यांवर उभे राहिले आणि मागच्या बाजूचे पंखे उघडे पडले. बाजूच्या पंख्यांचा व्यास २३ फूट ६ इंच, तीन तीन पात्यांचे, पिस्टनच्या यंत्रांवर फिरणारे. मधला लहान, चार पात्यांचा, टर्बाइनवर चालणारा. गोदीच्या तळाशी कामगार उभे आहेत, टोपी घातलेले. त्यांची डोकी पंख्याच्या खालच्या पात्याच्या टोकाशी येतात. माणसे तिथे मापासाठी उभी केलेली आहेत. त्यांच्याविना तो पंखा केवढा आहे ते कळले नसते. वेल्चची जुनी सवय इथे कामी आली आहे.

हा फोटो टायटॅनिकचा म्हणून जगभर छापला जातो. तिचे पंखे बसवलेल्या अवस्थेतला फोटो उपलब्धच नसल्याने ही अदलाबदल सोपी झाली. तिच्यामुळे एक तांत्रिक समजही घट्ट बसला: टायटॅनिकच्या मधल्या पंख्याला चार पाती होती. पुढे यार्डाच्या एका जुन्या नोंदवहीत तिच्या मधल्या पंख्यापुढे तीन पाती लिहिलेली आढळली. मधला पंखा समुद्रतळाच्या गाळात गाडला गेल्यामुळे बुडालेल्या जहाजावर जाऊन मोजून येण्याची सोय नाही. मॉडेल बनवणाऱ्यांनी अनेक वर्षे इमानेइतबारे चार पाती कापली, ती थोरलीच्या फोटोवरून.

ठरलेल्या लग्नात स्थळाला थोरलीचा फोटो दाखवून धाकटी उभी करावी, तसा हा प्रकार झाला. इथे फसवणुकीचा हेतू सुरुवातीला नव्हता इतकेच. व्हाइट स्टारच्या जाहिरातींत दोन्ही जहाजांसाठी ऑलिंपिकच्या खोल्यांचे फोटो वापरले जात, कारण खोल्या जवळपास सारख्याच होत्या आणि पुन्हा खर्च कशाला. भव्य जिना आणि त्यावरचे कोरीव घड्याळ दाखवणारे जे चित्र सर्वत्र फिरते, ते ऑलिंपिकवरच्या जिन्याचे. १५ एप्रिल १९१२ ला टायटॅनिक बुडाल्यानंतर मात्र मागणी एकाएकी उसळली. पोस्टकार्डे छापणाऱ्यांना, वर्तमानपत्रांना आणि बोलपटाच्या आधीच्या बातमीपट कंपन्यांना टायटॅनिक हवी होती आणि हाताशी होती ऑलिंपिक. न्यूयॉर्कमध्ये ऑलिंपिकचे जे चित्रण झाले होते, त्यातल्या बोटींची नावे फिल्मवरच खरवडून ते टायटॅनिक म्हणून दाखवले गेले. काही फोटोंत जहाजाच्या नाळेवर टायटॅनिक हे नाव पांढऱ्या ठळक अक्षरांत दिसते. ते निगेटिव्हवर नंतर रंगवलेले आहे. खऱ्या जहाजावरची अक्षरे पत्र्यात कोरून रंगवलेली होती आणि लांबून कॅमेऱ्याला सहसा दिसत नव्हती.

दोघींना वेगळे ओळखण्याच्या खुणा आहेत. पूर्ण झालेल्या टायटॅनिकच्या वरच्या फिरण्याच्या डेकचा पुढचा अर्धा भाग खिडक्या लावून बंद केलेला होता. ऑलिंपिकचा तो डेक टोकापासून टोकापर्यंत उघडा. हा फरक १९१२ च्या सुरुवातीला झाला, म्हणून त्याआधीच्या फोटोंना तो लागू पडत नाही. तिथे नाळेजवळच्या गोल खिडक्या मोजाव्या लागतात. डाव्या बाजूला सुरुवातीच्या ऑलिंपिकला चौदा, पूर्ण झालेल्या टायटॅनिकला सोळा. पण ऑलिंपिक मार्च १९१२ मध्ये दुरुस्तीला आली तेव्हा तिलाही सोळा केल्या, त्यामुळे तारखेविना ही खूणही फसवी. काचेच्या कोपऱ्यात कोरलेला ‘एच’ आणि त्यापुढचा क्रमांक हा सर्वांत भरवशाचा पुरावा. छापताना कडा कापल्या की नेमका तोच निघून जातो.

काही गोष्टी या संग्रहात मुळातच आल्या नाहीत. आवाज तर यायचाच नव्हता. रिव्हेटांच्या ठोक्यांनी यार्डातली कित्येक माणसे बहिरी होत. टायटॅनिकच्या बांधणीत आठ जण दगावले. त्यांतला पहिला सॅम्युअल स्कॉट, रिव्हेट झेलणाऱ्या पोरांपैकी, वय पंधरा. २० एप्रिल १९१० ला तो शिडीवरून पडला आणि कवटी फुटून मेला. बेलफास्टच्या दफनभूमीत त्याच्या थडग्यावर दगड बसला तो २०११ साली. मे १९११ च्या एका फोटोत सुट्टी झाल्यावर क्वीन्स रोडवरून बाहेर पडणारा कामगारांचा लोंढा आहे, मागे गॅन्ट्रीत टायटॅनिक. हा फोटो खराच तिचा. पण नजर आधी माणसांवर जाते. चपट्या टोप्या, खिशात खुपसलेले हात, पुढे पळणारी पोरे, काही चेहरे कॅमेऱ्याकडे वळलेले. यांतले बहुसंख्य प्रोटेस्टंट. पुढच्या वर्षी जुलैमध्ये, जहाज बुडून तीन महिने होत असताना, आयर्लंडच्या स्वराज्याच्या प्रश्नावरून वातावरण तापले आणि यार्डांतून कॅथलिक कामगारांना मारून हाकलण्यात आले. त्यांच्याबरोबर कामगार चळवळीतल्या प्रोटेस्टंटांनाही. एका फोटोत खांद्याला खांदा लावून चालणाऱ्या माणसांत ती फूट कुठे होती, हे चेहऱ्यांवरून ओळखता येत नाही.

तिसरे जहाज ब्रिटानिक, क्रमांक ४३३. तिचा कणा ३० नोव्हेंबर १९११ ला ठेवला गेला, म्हणजे टायटॅनिक बुडाली तेव्हा तिचे काम सुरू झालेले होते. तिचे फोटो कमी पाहिले जातात, पण अभ्यासाच्या दृष्टीने तेच जास्त बोलके आहेत. दुर्घटनेनंतर तिच्या बाजूंना आतून दुसरी कातडी बसवण्यात आली आणि जीवरक्षक होड्या उचलायला गॅन्ट्रीच्या धर्तीवरच्या दणकट याऱ्या. चौकशी समित्यांचे शेकडो पानी अहवाल न वाचताही, ऑलिंपिक आणि ब्रिटानिक यांचे फोटो शेजारी ठेवले तर काय शिकले गेले ते दिसते. ब्रिटानिक प्रवाशांना घेऊन कधी निघालीच नाही. पहिल्या महायुद्धात ती रुग्णालय जहाज झाली आणि २१ नोव्हेंबर १९१६ ला ग्रीसच्या केआ बेटाजवळ सुरुंगाने बुडाली. ऑलिंपिक चोवीस वर्षे चालून १९३५ साली निवृत्त झाली, मग तिची मोडतोड झाली. तिच्या लाकडी कामाचा काही भाग इंग्लंडमधल्या ॲनिक गावच्या व्हाइट स्वान हॉटेलात आहे.

वेल्च १९३६ साली वारला. यार्डाच्या काचा आता उत्तर आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयांकडे आहेत. तिथल्या सूचीत प्रत्येक प्लेटेखाली जहाजाचे खरे नाव लिहिलेले असते आणि जुन्या चुका सापडतील तशा दुरुस्त केल्या जातात. बाजारातल्या कपांवर, कॅलेंडरांवर आणि फ्रिजला लावायच्या चकत्यांवर मात्र ऑलिंपिकचेच पंखे टायटॅनिकच्या नावाने विकले जातात. गिऱ्हाइकाला चार पाती दिसली तरी तक्रार करायला कोणी येत नाही.